हार्लनने दुसरा बन घेतला

ब्रॅकन, आयोवा
गुरुवार, दुपार

प्रिय ब्रेंट,

मला एक तक्रार नोंदवायची आहे आणि ती ऐकून घ्यायला या घरात सध्या तुझ्या बापाशिवाय कुणी नाही. तो ऐकतो, पण नोंदवून घेत नाही. तक्रार झाकणांबद्दल आहे. आपल्या ओट्यावर या घडीला झाकणांची एक चळत उभी आहे आणि त्यातलं एकही झाकण माझं नाही. एक काचेचं आहे, एक हिरव्या प्लास्टिकचं, एकाची मूठ तुटली म्हणून कुणीतरी तिथे दाराची कडी बसवली आहे. माझी स्वतःची झाकणं मात्र गावभर कुणाकुणाच्या बटाट्यांवर बसून आहेत. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि ब्रॅकनमधल्या एका करदात्या बाईला आपल्या पातेल्यावर आपलं झाकण ठेवता येत नाही, हे प्रकरण मला वाटतं थेट वॉशिंग्टनला न्यायला हवं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं, हे आपल्याकडे पोरांना बोलायच्या आधी शिकवतात. झाकणावर मात्र कुणी नाव लिहीत नाही. झाकण म्हणजे जणू गावाची सार्वजनिक मालमत्ता.

ही झाकणं सुपाची आहेत. तुझ्यासाठी आलेल्या सुपाची. तू म्हणशील, माझ्यासाठी सूप कशाला, मी तर तिथे दक्षिण डाकोटात मामाच्या कुंपणाला तारा ओढतोय. तेच सांगायला बसले आहे, पण मला नीट सुरुवातीपासून येऊ दे. मधूनच सुरू केलं तर मी विनोद करेन आणि निसटून जाईन. माझा धंदाच तो.

तू बरा आहेस, जेवतोस, हे मामाकडून कळतं. मी फोन केला की तू गोठ्यात गेलेला असतोस. तुझ्या गॉर्डीमामाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो फोन उचलायच्या आधी तुला खरोखरच गोठ्यात पाठवतो, आणि मग मला म्हणतो, "अगं, आत्ताच गोठ्यात गेला बघ." दार आपटल्याचा आवाज मला ऐकू येतो. एकाच घरात वाढलो आम्ही दोघं, पण खोटं न बोलण्याचं ते सगळं त्याच्याच वाट्याला गेलं आणि पुढे मला चुकवून थेट तुझ्याकडे आलं.

तर, गेल्या बुधवारी मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी तुझ्या शाळा संपल्याच्या पार्टीसाठी गॅरेजात टेबलं पुसत होते. ते म्हणाले, ब्रेंटचा इंग्रजीचा शेवटचा निबंध आलेला नाही, त्यामुळे पुढच्या रविवारी पदवीदान समारंभात तो मंचावर नसेल. मी म्हटलं, "कळवल्याबद्दल आभारी आहे," आणि पुढचं टेबल पुसायला घेतलं. इंग्रजीत, ब्रेंट! जी आई दर आठवड्याला गावच्या पेपरात 'कुंपणावरून' नावाचं सदर लिहिते, जी बाई शेजाऱ्यांच्या कारंज्यांपासून चर्चच्या कॉफीपर्यंत सगळ्यांची शब्दांनी सालं काढते, तिचा मुलगा इंग्रजीत अडकला. हे दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मी त्यावर दोन आठवडे सदर चालवलं असतं. हाच विचार माझ्या मनात सगळ्यात आधी आला. तुझा नाही आला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

रात्री तुझा बाप म्हणाला, "या रविवारची पार्टी रद्द कर." मी म्हटलं, "बनांसाठी काढलेला खिमा वितळलाय." तो म्हणाला, "परत गोठव." मी म्हटलं, "वितळलेला कच्चा खिमा परत गोठवत नाहीत, मर्ल. माणसं मरतात." तुझा बाप झोपायला गेला. पाच घरी फोन केले असते तर जेवणवेळेपर्यंत गावाला कळलं असतं आणि एकानेही वाईट म्हटलं नसतं. पण त्या पाच फोनांत मला एक वाक्य बोलावं लागलं असतं. ते टाळायला मी सगळ्या गावाला जेवू घालायला तयार झाले. आपल्याकडे हे असंच चालतं. जे बोलता येत नाही त्याच्यावर आपण बन ठेवतो.

शनिवारी सकाळी शेजारच्या आर्डिसकडून तिचा रोस्टर, ते विजेवर तापणारं मोठं पातेलं, तूच उचलून आणलास, आठवतं? तुझ्या आजोळच्या नात्यात कुणी एवढ्या मोठ्या पातेल्यात एवढ्या थोड्या बोलण्यात खिमा केला नसेल. मी परतत होते, तू बटाटे कुटायच्या दांड्याने गोळे फोडत होतास, तांदळाएवढे बारीक, तुला लहानपणापासून येतं तसे. मग कांदा, टोमॅटोचं केचप, मोहरीची पिवळी चटणी, तपकिरी साखर, चमचाभर शिरका आणि ते डब्यातलं भेंडीचं सूप, जे मी घालते हे फक्त तुला आणि देवाला ठाऊक आहे. रस्सा असा हवा की बन धरून खाताना तो मनगटापर्यंत यावा पण कोपरापर्यंत जाऊ नये. गॉर्डीमामाकडे या खिमा भरलेल्या बनला बार्बेक्यू म्हणतात. ऐकून घे, मान्य करू नकोस. आपण टॅव्हर्न म्हणतो आणि टॅव्हर्नच म्हणायचं.

दर वेळी रस्सा जमला की पहिला बन तुझा असतो. चव बघायला म्हणून. चार वर्षांचा होतास तेव्हापासून, ओट्यावर बसून, पाय हलवत. तू खायचास, मान तिरकी करायचास आणि म्हणायचास, "वाईट नाही." आपल्याकडे याहून मोठी पदवी नाही. त्या शनिवारी रस्सा जमला आणि मी बन उघडला नाही. मी म्हटलं, "उद्या पदवीदानाचा झगा नि टोपी घालून गॅरेजच्या दारात उभा राहा. काही बोलायचं नाही. लोक अभिनंदन म्हणाले तर हसायचं. एक दिवस. बाकीचं मी बघते." तू दांडा खाली ठेवलास. म्हणालास, "पण मी पास नाही झालोय." मी म्हटलं, "म्हणूनच बोलायचं नाही म्हटलं." मग तू मला एक प्रश्न विचारलास. तो मी इथे लिहीत नाही. लिहायचा आहे, पण तेवढी हिंमत यायला मला अजून एक पान लागेल.

रविवारी उजाडलं तेव्हा तुझी खोली रिकामी होती आणि पिकअप नव्हती. पलंगावर झगा घडी घालून ठेवला होतास. माझ्यापेक्षा नीट घडी.

चर्च सुटलं आणि माणसं यायला लागली. गॅरेजमधल्या त्या एका प्लगवर मी आपला आणि आर्डिसचा, दोन्ही रोस्टर लावले, आपल्या सगळ्यांच्या घरी होतं तेच झालं, अर्ध्या घराची वीज गेली. तुझा बाप तळघरात फ्यूज बघायला गेला आणि अंधारात उभं राहून मी ठरवत होते, काय सांगायचं. इतक्यात आर्डिस आली, नेहमीसारखी सगळ्यांत आधी, आणि म्हणाली, "कुठाय आमचा नवरदेव?" दिवे लागले. रांग लागली होती, हातात कागदी ताटल्या होत्या, सगळ्यांचे कान माझ्याकडे होते. मी म्हटलं, "अगं, पोट बिघडलंय त्याचं. रात्रभर उलट्या. वर झोपलाय."

ब्रेंट, मी पंचवीस वर्षं शब्दांवर जगते आहे. आणि त्या क्षणी मला जगातले सगळे आजार मोकळे असताना, ताप, दाढ, मुरगळलेला पाय, मी ऐन खिम्याच्या रोस्टरपाशी उभी राहून हातात पळी घेऊन जेवणाऱ्या माणसांना सांगितलं की या घरात पोट बिघडलंय. तुझ्या बापाने तळघराच्या जिन्यातच डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आता ताटल्या एकेक करून टेबलावर ठेवल्या जातील, कुणाला घरी काहीतरी आठवेल, कुणाची गाय व्यायला टेकेल.

रांगेत पहिला हार्लन होता. आपला रिटायर्ड पोस्टमन हार्लन, जो घरून स्वतःचा चमचा आणतो. जो उन्हात ठेवलेल्या बटाट्याच्या सॅलडकडे बंदुकीकडे बघावं तसं बघतो. तीस वर्षं त्याने हातमोजे घालून पत्रं वाटली, कारण पाकिटं लोक चाटून चिकटवतात. तो हार्लन ताटली पुढे करून म्हणाला, "अरेरे. पोटाचं वाईट. जरा भरपूर घाल हं, जॅनेल." मी घातला. त्याने तिथेच उभ्याने खाल्ला. बोटं चाटली. म्हणाला, "पाऊस एक इंच तरी हवा होता मक्याला." आणि दुसरा बन उघडून ताटली परत पुढे केली.

तेव्हा मला कळलं.

हार्लनला खरंच वाटलं असतं की वरच्या खोलीत कुणी ओकतंय, तर तो आत्तापर्यंत तालुक्याच्या बाहेर असता. सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेच्या ऑफिसात आर्डिसची भाची बसते, गावाला बुधवारीच कळलं असणार, कदाचित माझ्याही आधी. दारापाशी मी रिबीन लावून टोपली ठेवली होती, अभिनंदनाच्या कार्डांसाठी. तिच्यात एकही कार्ड पडलेलं नव्हतं आणि मी सकाळपासून मनात म्हणत होते, कंजूष मेले, खायला येतात. ते कंजूष नव्हते. कार्डं खिशातच ठेवून ते उभे होते. आपलं सगळं गाव पोट बिघडलेल्या पोराच्या घरचा खिमा दोन-दोन वेळा वाढून घेत होतं, माझं खोटं तेवढं उघडं पडू नये म्हणून. त्यांनी पेरणीबद्दल बोलून घेतलं, डिझेलच्या भावाबद्दल बोलून घेतलं, आणि जाताना प्रत्येक जण मोटारीच्या खिडकीतून, "पोराला म्हणावं, आराम कर," म्हणून गेला. हसू दाबताना एकाचाही ओठ हलला नाही. मी त्यांना वर्षानुवर्षं पेपरात टोचत आले की ही माणसं मेली तरी मनातलं बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बोलायचं ठरवलं असतं, तर मी कुठे गेले असते?

आणि मग सूप यायला लागली. आर्डिस घरी जाऊन अर्ध्या तासात चिकनचं गरम सूप घेऊन आली. मग दुसरं कुणी, मग तिसरं. खारी बिस्किटं, आल्याचा सोडा, कुणी गरम पाण्याची पिशवीसुद्धा. खोटं मी बोलले होते, पण त्याला अंथरूण, पांघरूण, पथ्य सगळं गावाने पुरवलं. आर्डिस सूप जिन्याच्या पायरीवर ठेवून म्हणाली, "वर नेऊ का मीच?" मी म्हटलं, "नको, झोपलाय." ती म्हणाली, "झोपू दे. हलवू नकोस त्याला." तिच्या डोळ्यांत मिस्कील काहीच नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी कायपरबाई आल्या. तुझ्या इंग्रजीच्या बाई. लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन. मला वाटलं, ही आता ऐटीत उभी राहणार. त्या रांगेत लागल्या, बन घेतला, आणि मी स्वयंपाकघरात गेले तशा मागे आल्या. म्हणाल्या, "कसं आहे आता पोट?" मी म्हटलं, "बरं आहे." त्यांनी बनवरचा रस्सा टिपून घेतला आणि म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं होतं, जॅनेल. काहीतरी खरडून दे, मी पास करते. तर म्हणाला, खरडलेलं नाही देणार." मग म्हणाल्या, "वड्या त्याच्यासाठी आहेत. पोट बरं झालं की. आणि जूनमध्ये शाळेतली माझी खोली उघडीच असते, मला उन्हाळ्यात दुसरं काय काम." बस. ट्रे ठेवला आणि गेल्या. त्या जूनचं मी तुला सांगितलं, आता मी त्यात पडणार नाही. तो तुझा आणि बाईंचा मामला.

रात्री ओट्यापाशी उभी राहून मी विचार करत होते. बाईंनी तुला खोटं करायची सवलत दिली, ती तू घेतली नाहीस. आईने दिली, तीही घेतली नाहीस. एकटा पिकअपमध्ये बसून पहाटे निघून गेलास, पण गॅरेजच्या दारात झगा घालून हसला नाहीस. आणि मी त्याच दारात दिवसभर हसत होते.

म्हणून सोमवारपासून मी भांडी परत करते आहे. रिकामी नाही, अर्थातच; प्रत्येकात उरलेला खिमा किंवा काहीतरी. आणि प्रत्येक दारात एक वाक्य बोलते आहे, जे पाच फोनांत बोलले नव्हते. "ब्रेंटचं पोट बिघडलं नव्हतं. तो पास झाला नाही, आणि त्याने खोटं उभं राहावं असं मी म्हटलं म्हणून तो गेला." पहिल्या दारात माझा आवाज असा निघाला की त्यांच्या कुत्र्याने कान टवकारले. आर्डिस म्हणाली, "अगंबाई. मग माझं सूप परत दे की," आणि मग दार धरून इतकी हसली की मला तिला खुर्चीत बसवावं लागलं. हसून झाल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडले. आर्डिसने माझे हात धरण्याची ही पहिली वेळ, तिच्या आईच्या अंत्यविधीलाही तिने मला नुसती कॉफी दिली होती.

हार्लन व्हरांड्यात बसला होता. ऐकून म्हणाला, "माहीत आहे. पहाटे पंपावर मीच त्याची काच पुसून दिली. कॉफी घेऊन दिली. म्हटलं, सावकाश चालव." हे तू मला कधी सांगितलं नसतंस. मग तो म्हणाला, "आता खरं बोलतेयस तर सांगू?" मी म्हटलं, "सांग." म्हणाला, "खिम्यात साखर जरा जास्त होती." तीस वर्षांत या गावात माझ्याशी कुणी इतक्या प्रेमाने बोललेलं नाही. आणि त्याचं बरोबर होतं. चव बघायला कुणी नव्हतं.

या रविवारी समारंभ आहे. मी जाणार आहे. इतरांच्या पोरांसाठी टाळ्या वाजवणार आहे. कुणी तुझं विचारलं तर काय सांगायचं ते आता मला पाठ झालं आहे.

परवा तुझा बाप तिकडे येतोय. मला म्हणाला, "चल." मी म्हटलं, माझ्याआधी पत्र जाऊ दे, समोरासमोर माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. तर हे पत्र यासाठी, ब्रेंट. शनिवारी दांडा खाली ठेवून तू विचारलंस, "आई, तुला माझी लाज वाटते का?" आणि मी म्हटलं, "खिमा खाली लागतोय." खिमा लागत नव्हता. तो तुझा प्रश्न तेव्हापासून ओट्यावर पडून आहे, झाकणांच्या शेजारी, आणि त्याचं उत्तर मी देणं लागते. उत्तर असं: हो, वाटली. बुधवारपासून हार्लनने दुसरा बन घेतला तोपर्यंत. तुला खोटं आवडत नाही म्हणून खोटं सांगत नाही. त्यानंतर जी वाटते आहे ती माझी, आणि ती तुला उचलायची नाही. तुझा बाप सोबत आइसक्रीमची ती मोठी बादली आणतोय, तिच्यात शनिवारचा खिमा गोठवलेला आहे, आणि वर कागदात गुंडाळलेला एक बन, तुझा, पहिला, जो मी दिला नव्हता. मंद आचेवर गरम कर, थोडं पाणी घाल, नाहीतर खाली लागेल. या खेपेला खरंच. साखर जास्त आहे, ते मला ठाऊक आहे, तरी तू सांग. बादलीच्या बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव आहे आणि आयुष्यात प्रथमच मी झाकणावरही लिहिलं आहे. दोन्ही मला परत हवीत, घाई नाही. भांडं रिकामं परत करायचं नसतं हे तुला मीच शिकवलं. हे भांडं रिकामं आणलंस तरी चालेल.

तुझीच,
आई